स्पीकरवरची मासळीवाली

परवा माझा मित्र दिलीप त्याचे भारी स्पीकर घेऊन माझ्या स्पीकरांशी लढवायला घरी आला. दोन्ही स्पीकर एकाच मताचे: बाहेरच्या खोक्याचं लाकूड दाबायचं नाही, सुरासोबत वाजू द्यायचं. गाणी लावून डावं-उजवं ठरेना. मग मी रोज दारात येणाऱ्या सुमन मासळीवालीची रेकॉर्ड केलेली हाक लावली.

दिलीपच्या स्पीकरवर ऐकून आई आतून म्हणाली, "आवाज छान आलाय हो."

माझ्या स्पीकरवर लावली, तर आई ताट घेऊन थेट पडवीत. "गेली कुठे सुमन?"

मी नाचायचाच बाकी होतो. तेवढ्यात पुन्हा हाक आली, "वयनी, ताजी सुरमई हाय गो!"

फसल्याचं कळून आत गेलेली आई तिथूनच ओरडली, "पुरे झाला तुझा खेळ."

स्पीकर तर बंद होते. आम्ही धावलो, पण सुमन वळणापार गेली होती.

दुपारी पिठलं कालवत दिलीप म्हणाला, "मानलं बाबा तुझ्या स्पीकरला."