उंच हँडलचे बुश

मिलवॉकीत मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे बसलेल्या लॉनीच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"हँडलखालचे बुश दे रे, हादरे खाणारे, मऊ रबराचे," म्हातारा म्हणाला.

"कडक दे!" म्हातारी म्हणाली. "ह्याचं हँडल खांद्याइतकं उंच. मऊ बुशांवर नुसतं डुलतं."

"कडक घातले की हातांना मुंग्या येतात, अर्लीन."

"काल वळणावर हँडल वळलं नि गाडी सरळच! मागे मी बसते, व्हर्नन."

"तू तर डोळे मिटून बसतेस."

"उगाच मिटते का?"

लॉनीला हसू आवरेना. व्हर्नन त्याच्याकडे वळला.

"बरं, कडक दे बाबा. पण दर पन्नास मैलांवर थांबायचं, नि हिने माझे हात चोळायचे."

"पन्नास कशाला? तीसवरच थांबू."