शंकरच्या मातीचा डबा

आमचं गाव साताऱ्याकडचं, घरटी एक मानूस पलटणीत, तवा मीबी गेलो आन् शेजारचा शंकरबी माझ्यासंगं आला, त्येचं नुकतंच लगीन झालं व्हतं. आमास्नी धाडलं गाझ्यात, युनोची निळी टोपी घालून. काय सांगू तुमास्नी ताई, अरब आन् इस्रायल, कागदावर तह झालेला, पन वैर तसंच, आन् दोघांच्या मधली रेघ म्हंजे काय, तर नांगरानं जमिनीत वढलेलं एक तास! त्या तासावर आमी उभं. बंदूक हातात, पन कुनी अंगावर आल्याबिगर चालवायची न्हाई. अलीकडचा म्हातारा म्हनायचा माझी बाग पलीकडं ऱ्हायली, पलीकडचा म्हनायचा हे चोरून येऊन पान्याचे नळ तोडत्यात, आन् आमी दोघांनाबी हात जोडायचो, दुसरं काय करनार.

सदुसष्ट साली हुकूम आला, निघा. सामान बांधलं, बोटीची वाट बघत बसलो, तर लढाईच पेटली. आमचं कुनाशी वाकडं न्हाई, पन तोफेच्या गोळ्याला टोपीचा रंग दिसतो व्हय? शंकर माझ्या शेजारीच गेला. तितंच अग्नी दिला, अस्थी गोळा कराय कुनी थांबू दिलं न्हाई. गावी आलो तर शंकरची बायको, सुमनवैनी, एवढंच म्हनली, भावजी, मूठभर माती तरी आनायची, माहुलीच्या संगमावर सोडली असती.

आता ल्योक कॉम्प्युटरमधी, त्येनं मला हितं अमेरिकेत, आयसेलिनला आनलं. एकदा न्यूयॉर्कला नेऊन युनोची इमारत दावली. लई उंच. म्हनलं, हितंच ठरलं व्हतं आमी उभं ऱ्हायचं, आन् हितंच ठरलं निघायचं. पोरगा म्हनला, बाबा, फोटो काढू का? नगं म्हनलं.

घरात करमंना म्हनून ओक ट्री रोडला दुकानात भाजी लावतो. मागल्या गल्लीतला मटनवाला अबू सामी गाझ्याचा निघाला. मोडक्या इंग्रजीत म्हनलं, मी तितं निळ्या टोपीत व्हतो. त्येनं सुरी खाली ठिवली, म्हनला, तुमी गेलात आन् त्याच उन्हाळ्यात आमचं सगळं गेलं. रागानं बोलला न्हाई, म्हनून जास्त लागलं. मग मी शंकरचं सांगितलं, जागा सांगितली. त्येच्या गाझ्यातल्या भावानं तितं जाऊन चहाच्या डब्यात माती भरून ठिवली बगा! मी वैनीला फोन केला, माती येती म्हनलं.

पन गाझ्यातनं भायेर पडायचे नाके बंद झाले. भाऊ आजारी, बाहेरच्या दवाखान्यात जायचं व्हतं, डबा पिशवीत घालून नाक्यावर जायचा, परत धाडायचे, परत जायचा. गेल्या महिन्यात वारला त्यो. डबा घरातच.

वैनीला कळवलं.  ती म्हनली, भावजी, जित्या मानसांस्नी निघता येईना, तितं माझ्या धन्याची माती कशी निघंल? त्या भावाला बायको हाय का? हाय म्हनलं. तर म्हनली, तिला म्हनावं, माती वतून दे दारात, डबा चहाला घे.

म्हाताऱ्या मानसानं सगळ्यांस्नी सुखी ऱ्हावा म्हनावं, ताई. पन तिकडं कुनाला म्हनू?