सहाशे लिटरची सोयरीक

(चेक देशातल्या मोराव्हियातलं व्सेतीन गाव. रविवारी सकाळी सांस्कृतिक भवनात भरलेला माशांचा बाजार. टेबलामागे, घरी मासे वाढवणारे म्हातारे वेंदेलीन. समोर क्वेताबाई आणि त्यांचा जावई रादोवान.)

वेंदेलीन : नाही. गोल्डफिश आणि एंजल एका टाकीत? मी देणार नाही. पुढचं बोला.

क्वेता : अहो, पण टाकी सहाशे लिटरची आहे. एक या टोकाला राहील, एक त्या टोकाला. तोंडही बघायला नको एकमेकांचं.

वेंदेलीन : गोल्डफिशला गारवा लागतो, एंजलला ऊब. अर्ध्या टाकीला स्वेटर विणणार आहात का, वहिनी?

रादोवान : काका, जरा लवकर आटपूया का? बाराला तुमचा बाजार उठतो आणि एक वाजता आमच्याकडे व्हॅन यायची आहे.

वेंदेलीन : कसली व्हॅन?

क्वेता : माझी टाकी न्यायला. चौकातला तो खानावळवाला हिनेक. त्याला म्हणे तिच्यात बाटल्या मांडायच्यात. माझ्या नवऱ्याने चार माणसं लावून जिना चढवलेली टाकी, आणि हा तिच्यात बाटल्या मांडणार!

रादोवान : आई, आपलं डील झालं होतं. आज मासे आले तर टाकी राहील, नाही आले तर जाईल. आणि हे यित्काचं म्हणणं आहे, माझं नाही.

क्वेता : यित्का माझी लेक आहे, तिचं म्हणणं मला तुझ्याकडून ऐकायला नको. तुला त्या जागी सोफा हवाय, तंगड्या पसरायला.

रादोवान : हवाय सोफा, नाही कशाला म्हणू? पण दोन वर्षं तुम्ही रिकाम्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसता. दिवा चालू, फिल्टर चालू, आत एक शेपूट नाही. यित्काला बघवत नाही ते. मलाही बघवत नाही.

वेंदेलीन : घरची भांडणं घरी. मासे कुठले हवेत ते सांगा.

क्वेता : घरातल्या सगळ्यांना विचारून यादी करून आणलीये. माझ्या नातवाला, क्रिश्तोफला, पिरान्हा हवेत.

वेंदेलीन : किती वर्षांचा आहे?

क्वेता : आठ.

वेंदेलीन : त्याची दहाही बोटं लागणार आहेत का तुम्हाला?

क्वेता : बरं, खोडलं. लेकीला काहीतरी निळं हवंय, पडद्यांना शोभेलसं. नियॉन. आणि मला एंजल.

वेंदेलीन : एंजल मोठा झाला की नियॉन म्हणजे त्याची न्याहारी. आठवड्याभरात तुमच्याकडे निळे फक्त पडदे उरतील.

क्वेता : मग एंजलसोबत ते पट्टेवाले टायगर बार्ब?

वेंदेलीन : टवाळ कार्टी आहेत ती. एंजलच्या पंखांचे लांब धागे दिसले की कुरतडत बसतात. दिवसभर तोच धंदा.

रादोवान : काका, माझं ऐका. एकच मोठा मासा द्या. तो ऑस्कर. एकटा राहील, कोणाशी भांडण नाही, कटकट नाही.

वेंदेलीन : भांडण नाही, कारण शेजारी राहील त्याला तो खातो. झाडं उपटतो, दगड ढकलतो, हीटर फोडतो. आणि वर रुसून कोपऱ्यात जाऊन बसतो.

क्वेता : आहे तसा एक आमच्या घरात. दुसरा नको.

रादोवान : आई!

वेंदेलीन : यादी पर्समध्ये ठेवा, वहिनी. माशांची सोयरीक अशी यादीवरून जमत नाही. आधी पाणी बघायचं. पाणी हेच माशाचं घराणं. आणलंय का?

क्वेता : आणलंय तर! आमचे हे, मेतोदेय, गेले म्हणून तुमच्यासारख्या त्यांच्या मित्राचे नियम काय मी विसरले? घरचं पाणी दाखवल्याशिवाय तुम्ही शिंपलासुद्धा देत नाही. रादोवान, दे ती बाटली.

रादोवान : ही घ्या. सकाळी टाकीतून मी स्वतः भरलीये.

वेंदेलीन : हं. थोडं या परीक्षानळीत. तपासायच्या औषधाचे पाच थेंब. आता रंग पालटायला हवा. नाही पालटला. दहा. पंधरा. जावईबापू, टाकी कशाने धुता तुम्ही?

रादोवान : पाण्याने. का हो?

वेंदेलीन : जरा वास बघतो. थांबा. वहिनी, या पाण्यात मासा पोहणार नाही. गाणी म्हणेल.

क्वेता : म्हणजे?

वेंदेलीन : प्लमची दारू आहे. घरची. पन्नास टक्क्यांच्या वर असेल. आणि लई झ्याक उतरलीये.

क्वेता : रादोवान! अरे, कुठून उचललीस ही?

रादोवान : ओट्यावरून! पाणी भरलं, ओट्यावर ठेवलं, बूट घातले, बाटली उचलली. मला काय ठाऊक शेजारी काय ठेवलंय? सगळ्या बाटल्या सारख्याच, एकीवरही चिठ्ठी नाही.

क्वेता : चिठ्ठी कशाला लागते? अख्खं खोरं अशाच बाटल्यांत भरतं, आजवर कोणी चुकलं का? अरे, ती ह्यांच्या शेवटच्या वर्षाची आहे. स्वतः फळं वेचून भट्टीवर नेली होती त्यांनी. मी पाहुण्याला अंगठ्याएवढी देते, तीसुद्धा तोंड बघून! आणि वेंदेलीन, तुम्ही तिच्यात पंधरा थेंब औषध ओतलंत!

वेंदेलीन : औषध परीक्षानळीत आहे, बाटली शाबूत आहे. पण मला सांगा, तुमच्या टाकीचं पाणी आत्ता कुठे आहे?

रादोवान : ओट्यावर. अरे देवा. माझे बाबा सकाळीच आलेत, टाकी उचलू लागायला. हॅलो, बाबा? ओट्यावरच्या बाटलीला हात लावू नका. लावला? एकटेच? हिनेक आलाही? एक वाजता बोलावलं होतं ना त्याला! किती घेतली? दोघांनी? तीन तीन?

क्वेता : काय म्हणतायत व्याही?

रादोवान : म्हणतात, यंदाची घशाला अजिबात लागत नाही. चढतही नाही, पण पोटाला बरी वाटते. हिनेक म्हणतो, जुनी झाली की अशी मऊ होते.

वेंदेलीन : पाण्यात काही औषध वगैरे नाही ना?

क्वेता : छे हो! झाडं आहेत आणि गोगलगायी.

रादोवान : बाबा, पेला खाली ठेवा. काही नाही झालेलं, नुसता ठेवा. नाही, बाबा. तळाशी दिसतेय ती लवंग नाहीये.

क्वेता : फोन ठेव आता. सगळं सांगू नकोस, उगाच ओकत बसतील माझ्या स्वयंपाकघरात.

वेंदेलीन : वहिनी, गोगलगायी किती आहेत?

क्वेता : मोजायच्या पलीकडे. झाडांबरोबर आल्या आणि पसरल्या. रोज सकाळी काचेवरून खरवडते, संध्याकाळी परत तितक्याच. त्याच तेवढ्या टिकल्या माझ्याकडे.

वेंदेलीन : हं. पण आता पाण्याशिवाय मी काय ठरवणार?

क्वेता : पाण्याचं मला विचारा ना. काठिण्य सहा, आम्लता साडेसहा, ऊब सत्तावीस. काल संध्याकाळचं सांगतेय. त्याच्या आदल्या शनिवारी काठिण्य सात होतं, म्हणून पावसाचं थोडं घातलं.

वेंदेलीन : काल मोजलंत?

क्वेता : दर शनिवारी मोजते. मग तिसरा हिस्सा पाणी बदलते.

वेंदेलीन : मासे नसताना?

रादोवान : दोन वर्षं, काका. एक शनिवार चुकला नाही. मी बादल्या वाहतो म्हणून ठाऊक. वर घरभर सांडतं ते पुसतोही मीच.

वेंदेलीन : दर महिन्याला बाजारात येता, सगळी टेबलं फिरता आणि रिकाम्या हाताने जाता. मी इथून बघतो. इतकं सुरेख पाणी राखलंय, मग मासा का नेत नाही?

क्वेता : का नेत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. उगाच वदवून घेऊ नका.

वेंदेलीन : मला ठाऊक नाही. मेतोदेयच्या मागोमाग त्याचे मासे गेले, एवढंच ऐकलं.

क्वेता : गेले नाहीत. मी मारले. हे गेले आणि संध्याकाळ खायला उठायची. मी आपली टाकीपुढे बसायची. ते वर यायचे, तोंड उघडायचे, मी चिमूटभर टाकायची. परत यायचे, परत टाकायची. तेवढा वेळ बरं वाटायचं हो. पाणी कधी नासलं ते कळलंच नाही मला. तीन आठवड्यांत अठरा मासे. ह्यांनी अकरा वर्षं जपलेले. तेव्हापासून पाणी तेवढं राखते. पाण्याचा जीव तरी जात नाही माझ्या हातून.

रादोवान : आई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. आम्हाला वाटलं, कसला तरी रोग आला.

क्वेता : मीच सांगितलं होतं रोग म्हणून.

वेंदेलीन : जावईबापू, ती बाटली इकडे करा. माशांना नाही चालणार, मला चालेल. झाकणभर. हं. मेतोदेयच्याच हातची. वहिनी, नवरा गेल्यावर माणूस कोणाला तरी खाऊ घालणारच. वाईट झालं, पण पाप नाही ते. आता खाली वाका आणि या टेबलाखाली बघा.

रादोवान : इथे टाकी आहे? बापरे, नारिंगी अंगावर काळे पट्टे. काका, पण हे मेलेत. सहाच्या सहा आडवे पडलेत.

वेंदेलीन : झोपलेत. क्लाऊन लोच कुशीवरच झोपतो. पहिल्या रात्री घरोघर रडारड होते यांच्यापायी, मग सवय होते.

क्वेता : तो बघ, एक उठला! मिशा आहेत रे त्याला!

वेंदेलीन : एकेकटे ठेवले तर झुरतात, म्हणून सहांचा जथा मोडायचा नाही. यांना तुमच्यासारखंच मऊ, उबदार पाणी लागतं. कोणाची कळ काढत नाहीत. महिन्याभराने एंजलची चार पिल्लं देईन, त्यांच्याशी यांचं पटतं. आणि यांचा सगळ्यात आवडता खाऊ म्हणजे गोगलगाय.

क्वेता : खरंच?

वेंदेलीन : तुमच्या टाकीत गेले की कित्येक आठवडे तुमच्या चिमटीची गरजच पडायची नाही. पोट भरून खुशीत आले की टक टक आवाज करतात. काचेबाहेर ऐकू येतो.

क्वेता : आवाज करतात? मग हेच द्या. बाई गं, हेच. अहो, इतका वेळ ते नियॉन आणि पडदे काय करत बसला होतात माझ्याशी?

वेंदेलीन : यादी तुमची होती. आता शेवटचं. वय किती तुमचं?

क्वेता : बाईमाणसाला वय विचारता?

वेंदेलीन : हे मासे देताना विचारतो.

क्वेता : एकाहत्तर.

वेंदेलीन : हे पाच वर्षांचे आहेत. धड सांभाळले तर अजून वीस वर्षं जगतील.

क्वेता : म्हणजे मी एक्क्याण्णव.

वेंदेलीन : म्हणून मासे देताना मी लिहून घेतो त्या या चिठ्ठीवर दोन नावं लागतात. वरचं सांभाळणाऱ्याचं, खालचं त्याच्यामागून सांभाळणाऱ्याचं. खालचं नाव नसेल तर मासे टेबलाखालीच राहतात. मेतोदेयची बायको असलात तरी. दुसऱ्याच्या मागे उरलेले मासे लोक कसल्या कसल्या डबक्यात सोडून देतात, ते मी बघितलंय.

क्वेता : मग राहू देत. चल, रादोवान.

रादोवान : आई, थांबा जरा.

क्वेता : कशाला थांबायचं? लेकीच्या गळ्यात बांधू का माझ्यामागे? तिला टाकीच नकोय. देऊन टाक हिनेकला, मांडू दे बाटल्या. मला आपलं वाटलं होतं, सकाळी उठल्यावर कोणीतरी माझी वाट बघत असावं. असतात एकेकीच्या हौशी. चल.

रादोवान : पेन द्या, काका.

वेंदेलीन : कोणाचं नाव घालताय?

रादोवान : माझं. रादोवान. बादल्या वाहतोच आहे, निदान कोणासाठी वाहतोय ते तरी दिसेल.

क्वेता : आणि यित्काला काय सांगशील?

रादोवान : तिला मी सांगतो. हिनेकला बाबा समजावतील, दोघं आता एका बाटलीचे दोस्त झालेत.

क्वेता : आणि तुझा सोफा?

रादोवान : तुमच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मावते. मोजून बघितलंय मी. मागेच.

वेंदेलीन : नीट विचार करा, जावईबापू. वीस वर्षांचं काम आहे. नंतर कुरकुर चालणार नाही.

रादोवान : मग असं करा. ती वीसही वर्षं, एक्क्याण्णवपर्यंत, आईंच्या नावापुढे लिहा. त्याच्यानंतरची जी उरतील ती माझ्या नावावर.

वेंदेलीन : अहो, त्याच्यानंतर काहीच उरत नाही.

रादोवान : तेच म्हणतोय मी, काका. लिहा.