शनिवारचा कोरडा दिवस

खडखड, खडखड... बाजेला टेकलेली पत्र्याची ट्रंक वाजायची हो, आईला हिवताप भरला की! अंगावर गोधड्या, गोधड्यांवर मी, तरी खडखड! एका दुपारी आवाज थांबला. आम्हाला वाटलं, चला, ताप उतरला...

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, साचलेलं पाणी दिसलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. आता मोशीत सहाव्या मजल्यावर राहतो, तरी दर शनिवारी कोरडा दिवस! कूलर, कुंड्यांखालच्या बशा, पाहुण्याचा अर्धा ग्लास... सगळं ओततो. आमची बायको ठकुबाई म्हणते, "अवो, डोळ्यातलं पाणी तरी ऱ्हाऊ द्या!"

आणि नातवंडं कशी निघावीत? सुरज दुर्बिणीतून मेलेले तारे बघतो. त्याचं बरं आहे, तारे लांब असतात, चावत नाहीत. पण संस्कृती? नेमकं हिवतापावरच संशोधन! परवा चाकणच्या कंपन्यांमागची डबकी धुंडाळून आली आणि बाल्कनीत मांडलं एक पांढरं ताट, वर जाळी. आत काय? डासांची पिल्लं! वळवळतायत! माझ्या घरात!

"आबा, सोमवारी लॅब उघडली की नेते. तोवर हात लावू नका. हे निरोगी आहेत. मोठे झाले की यांना आजारी माणसाचं रक्त पाजायचं, मग हिवतापाच्या जंतूचे जीन तपासायचे. औषध त्याला का लागू पडेना, ते कळेल."

रक्त पाजायचं! हिला सकाळी कपभर दूध घे म्हटलं तर "नको आबा"! आणि एखादा हिलाच चावला तर? खडखड ऐकूच यायला लागली हो मला! ठकुबाई म्हणाली, "अवो, वॉशिंग मशीन हाय त्ये!" असेल. पण माझा जीव थाऱ्यावर राहील तर ना!

उजाडला शनिवार. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, ताट सोडून सगळं ओतायचं. कूलर ओतला, बशा ओतल्या, बादली ओतली... हात सवयीचा, राव! ताट पुसून उन्हात पालथं घातल्यावर कळलं.

संस्कृती आली, पालथ्या ताटापाशी येऊन बसली. मी म्हटलं, "वाया नाही गेलं गं बाळा... कढीपत्त्याला घातलं."

"आबा, त्या डबक्यांवर काल फवारणी झाली. आता कुठून आणू?" पोरीचा आवाज असा कापत होता... थेट त्या ट्रंकेसारखा.

मग काय करणार? ताट सुलटं केलं, तांब्याभर पाणी ओतलं, जाळी मात्र घातली नाही आणि बसलोय पुढ्यात. या म्हटलं, बाबांनो, अंडी घाला... सहावा मजला आहे, पण लिफ्ट आहे!

ठकुबाई दारात आली. ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आतून अर्धा ग्लास पाणी आणून ताटात ओतलं.