सरळ रेघ

(स्वयंपाकघरातलं टेबल. जुन्या टॉवेलवर रिमोटवर चालणारी शर्यतीची गाडी, बुटाच्या खोक्याएवढी, पोट उघडं करून ठेवलेली. दोघे भाऊ समोरासमोर. थोरल्याची बायको ओट्यापाशी.)

दादा : ...म्हणून म्हणतो, भिंग घे आणि बघ. बोलू नकोस, नुसतं बघ.

धाकटा : दादा, शर्यत संपली, आपण हरलो. आता शवविच्छेदन कशाला?

दादा : मेलं ते कशानं मेलं, हे घरच्यांना कळायला नको?

वहिनी : जेवायच्या टेबलावर ही भाषा.

दादा : मोटर धरून ठेवणारे स्क्रू दोन. एक ट्रॅकवर कुठेतरी पडला. दुसरा हा, अर्धा बाहेर आलेला. मोटर सरकली, गिअरचे दाते झिजून सपाट झाले, आणि शेवटच्या फेरीत तू पहिला असताना गाडी नुसती घोंघावत उभी राहिली. इथवर मान्य?

धाकटा : मान्य.

दादा : धातूत धातू. तिथे मी स्क्रू जखडून ठेवणारं निळं औषध लावल्याशिवाय स्क्रू बसवत नाही. आधी स्पिरिटने पुसायचा, टोकाला एक थेंब, आवळायचा आणि रात्रभर त्याच्याकडे फिरकायचं नाही. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला थेंबसुद्धा नाही, प्लास्टिक तडकतं. चाकांना नायलॉनचे नट, तेही दर मोसमात नवे. तू हाफ पँटमध्ये होतास तेव्हा हे शिकवलंय तुला.

धाकटा : एखादा राहिला असेल. माणूस आहेस तू. कुणी काही बोललं का तुला?

दादा : सगळे बोलले, तू सोडून. क्लबचे अध्यक्ष म्हणाले, दादांचा हात आता पूर्वीसारखा नाही, त्यांना बाहेर सावलीत खुर्ची द्या. आणली की लगेच. उशीसकट.

धाकटा : काळजीनं म्हणाले रे.

दादा : काळजीच होती, मी कुठे नाही म्हणतो? त्या उशीवर बसून मी सगळ्यांना सांगितलं, चूक माझी. अध्यक्षांनी मग माझ्यावर ढिल्या स्क्रूचा विनोद केला, लोक पोटभर हसले. तू तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतास.

धाकटा : सुटली होती.

दादा : ते बूट आत्ता दाराशी आहेत. नाडी नाही त्यांना.

वहिनी : अहो, जाऊ द्या ना. खेळच तो.

दादा : खेळच आहे. म्हणून तर नीट खेळायचा. आता ही रेघ बघ. स्क्रू आवळून झाला की मी त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर रेघ ओढतो. रेघ तुटली की समजायचं, स्क्रू फिरला. तुझ्या वहिनीच्या नेलपॉलिशने ओढतो.

वहिनी : मला आणलेली एकुलती एक. बोटाला लागायच्या आत गाडीला लागली.

दादा : स्क्रूवरची अर्धी रेघ फिरलीय. पट्टीवरची अर्धी जागच्या जागी आहे. कशी आहे?

धाकटा : कशी म्हणजे? लाल.

दादा : सरळ आहे.

वहिनी : मी चहा टाकते.

दादा : टाक. सरळ आहे, फूटपट्टी लावून ओढल्यासारखी. आता इकडे बघ, या वर्तमानपत्रावर तुझ्यासमोर एक ओढतो. हं. काय झालं?

धाकटा : ठेव ते, दादा.

दादा : गांडूळ झालं. वर्षभर कागदावर माझी रेघ अशीच येते. मग मी गाडी उलटी करून बाकीचे स्क्रू बघितले. सगळीकडे सरळ. रात्री ओढताना मला एवढं बारीक दिसत नाही, पण ट्रॅकवर उन्हात दर रविवारी बघायचो त्या रेघा. वाटायचं, घरी थरथरणारा हात कामाला बसला की शहाणा होतो. डॉक्टरांना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्यांनी कौतुक केलं माझं.

धाकटा : दादा...

दादा : कधी करायचास?

धाकटा : शनिवारी सकाळी. तू अंघोळीला गेलास की. शुक्रवारी तू लावलेला एकेक उघडायचो, पुन्हा लावायचो, तुझी रेघ पुसून नवी ओढायचो. रविवारपर्यंत वाळायचं.

दादा : औषध लावून?

धाकटा : नेहमी लावून. या खेपेला बाटली तुझ्या शर्टाच्या खिशात राहिली, आणि शर्ट होता बाथरूममध्ये. मागू कसा?

दादा : म्हणजे कोरडा लावलास.

धाकटा : गच्च आवळला होता.

दादा : गच्च सगळेच आवळतात. गाडी हादरायला लागली की गच्चपणा चार फेऱ्या पुरतो. एक सांग. उघडताना सहज फिरला?

धाकटा : नाही. जड गेला. एकदा पाना घसरून बोटाला लागलं.

दादा : म्हणजे धरला होता.

धाकटा : हो.

दादा : आणि आधीचे? वर्षभरातले?

धाकटा : सगळे धरलेलेच असायचे, दादा.

दादा : एकही ढिला नाही?

धाकटा : एकही नाही.

दादा : मग उघडत का होतास?

वहिनी : भाऊजींना मी सांगितलं होतं. त्यांच्यावर चिडू नका. सगळं सुटत चाललंय तुमच्या हातून, शर्टाची बटणंसुद्धा मी लावते. वाटलं, हे एवढं तरी तुमच्याकडे राहावं.

दादा : राहिलं ना. वर्षभर माझ्याकडेच होतं. फक्त मी करत नव्हतो.

धाकटा : पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगतो मी. माझी चूक होती म्हणून.

दादा : काय सांगशील? दादाचा हात पक्का आहे, पण आम्हाला घरात कुणाला तसं वाटत नव्हतं? नको. त्यापेक्षा चूक माझीच बरी. उशीही बरी आहे.

धाकटा : मग गाडी कोण बघणार?

दादा : वर्षभर बघतोय तोच. हे घे निळं औषध. झाकण गळतं, उभी ठेव. आणि ही नेलपॉलिश. तुझी रेघ छान येते.

वहिनी : घ्या, चहा झाला.

दादा : अर्धाच कप?

वहिनी : रोज एवढाच तर घेता.

दादा : घेत नाही, मिळतो. आज लक्षात आलं. कधीपासून?

वहिनी : ...डॉक्टरांकडे जाऊन आलो तेव्हापासून.

दादा : भर पूर्ण.

वहिनी : अहो, सांडेल.

दादा : सांडू दे. सांडलेलं मला दिसेल तरी.