बिनकाट्यांचं घड्याळ

काटे नाहीत, आकडे नाहीत, बाजूला नुसती चावी, असलं मनगटी घड्याळ तुला सुचलंच कसं, असं सगळे विचारतात. चुलत्याच्या हावरटपणामुळं सुचलं, दुसरं काय.

आमच्या गावी, ईटला, आजा शेवटच्या घटका मोजत होता. तोंडात पाणी घालून झालं, तसं काकानं त्याच्या मनगटाचं घड्याळ सोडलं आणि स्वतःच्या हाताला बांधलं.

मी म्हणालो, "काका, श्वास चालूय अजून. लाज वाटू द्या जरा."

"हात ताठला की पट्टा निघत न्हाय. कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्यानं मला अक्कल शिकवू नये."

तेवढ्यात आज्याचा उजवा हात उठला. डोळे मिटलेलेच. बोटं डाव्या मनगटावर आली आणि रोज सकाळी द्यायचा तशी चावी देऊ लागली. तिथं घड्याळ नव्हतंच. पण किर्र किर्र आवाज आला, तो काकाच्या मनगटातून. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला.

काकानं ते सोडून आज्याला परत बांधलं. बोटं थांबली, मग श्वासही थांबला. घड्याळ आज्यासोबतच जळालं. काढायची कुणाची छाती झाली नाही.

आज्याच्या त्या चावी देणाऱ्या चिमटीवरून मी डिझाईन काढलं. पहिला नमुना मुद्दाम काकापुढं टेबलावर ठेवला. आत अजून मशीनसुद्धा बसवलं नव्हतं.

"घालून बघा की, काका."

काका भिंतीपर्यंत मागं सरला. "आधी ती चावी फिरवायची थांब!"

माझे दोन्ही हात खिशात होते.