आबांचा डबा

त्या दिवशी मी दाढी करत होतो आणि सिडनीहून फोन आला. आमचा मुलगा अमोल अपघातात गेला होता. म्हाताऱ्या आबांपासून आम्ही ते लपवलं. आठवड्यानं त्याचा मृतदेह विमानात चढवला, तेव्हा मी वडिलांना एवढंच म्हणालो, "आबा, अमोल येतोय."

"किती लांब हाय रे ते?"

"दहा हजार किलोमीटर. वीसेक तास लागतात."

"बापा! तेवढ्यात आपली पुसदची यष्टी नागपूरच्या तीन खेपा करते. पोट्ट्याले जेवाले देतेत का?"

"देतात."

"कायचं देतेत! डबा घेऊन जाय."

भाकरी-ठेचा त्यांनी स्वतः बांधला. यवतमाळ ओलांडून रिकामी शववाहिका नागपूर विमानतळाच्या रस्त्याला लागली, तेव्हा डबा माझ्या मांडीवर होता. आबांना सांगायचं राहिलं होतं.